अंगावरची वस्ती



आज आपण एका वस्तीविषयी बोलू. ही वस्ती अमरावती जिल्ह्याच्या नकाशात नाही. अकोला जिल्ह्याच्या नकाशातही नाही. तलाठ्याच्या दप्तरात तिची नोंद नाही. तरी ती तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या अंगावर आहे. पाळण्यातल्या बाळाच्या अंगावर आहे, तशीच म्हाताऱ्या आजीच्या अंगावरही आहे.

ही वस्ती जंतूंची आहे. ती आपल्या कातडीवर असते.

जंतू म्हटले की आपण दचकतो. कोणी म्हणेल, "मी त रोज आंग धुतो. माह्या आंगावर जंतू काहून राहतीन?"

दादा, तुम्ही रोज अंग धुता हे फार चांगले करता. आंघोळीने मळ जातो, घाम जातो. बाहेरून आलेले पाहुणे जंतूही बरेचसे जातात. पण जे जंतू कातडीचे रहिवासी आहेत, ते पुरते जात नाहीत. थोडे गेले तरी पुन्हा वाढतात. आणि ते राहतात हेच आपल्या भल्याचे आहे. ते कसे, तेच आज पाहायचे आहे.

जंतू कोणी पाहिले?

हॉलंड नावाच्या देशात लेवेनहुक नावाचा कापडाचा एक व्यापारी होता. कापडाचा पोत पाहायला त्या काळचे व्यापारी भिंग वापरत. लेवेनहुकला भिंगाचा फार नाद. तो स्वतः भिंगे घासून तयार करी. 1683 साली त्याने आपल्या दातांवरचा मळ काढून भिंगाखाली पाहिला. पाहतो तर काय, त्यात बारीक बारीक जीव वळवळत होते!

पुढे मोठमोठी यंत्रे निघाली. 2009 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 10 निरोगी माणसे घेतली. प्रत्येकाच्या कातडीवरच्या 20 जागा तपासल्या. तेव्हा असे दिसले की, प्रत्येक जागेची वस्ती वेगळी. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर, जंतूंचे सुमारे 44 प्रकार सापडले. कानामागे 15 च्या आसपास सापडले.

यात आपल्याला नवल वाटायला नको. आपण शेतकरी माणसे. पूर्णेच्या काठची काळी जमीन वेगळी आणि डोंगराकडची बरड जमीन वेगळी. काळीत कापूस येतो, म्हणून बरडावर येईलच असे नाही. कातडीचेही तसेच आहे. काख म्हणजे नदीकाठची ओली जमीन. कपाळ आणि नाक म्हणजे तेलकट जमीन. हातपाय म्हणजे कोरडे रान. जशी जमीन तसे पीक. जशी कातडी तसे जंतू.

मोठ्या माणसाची कातडी पसरली, तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल. म्हणजे एका माणसाच्या सतरंजीएवढी. काखेसारख्या ओलसर जागी तर नखाएवढ्या तुकड्यावर लाखो जंतू असतात. बाळ जन्माला येते तेव्हा ही वस्ती बसू लागते. पहिले जंतू बहुधा आईकडूनच मिळतात.

राखणदार जंतू

आता हे जंतू करतात काय?

पहिले काम म्हणजे जागा अडवून धरणे. पडीक रानात तण माजते. पेरलेल्या, दाट उगवलेल्या रानात तणाला जागा मिळत नाही. तसेच आपल्या ओळखीच्या जंतूंनी कातडी भरलेली असली, म्हणजे परक्या जंतूला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

दुसरे काम म्हणजे कातडी आंबट ठेवणे. आपल्या कातडीतून थोडे तेल पाझरते. काही जंतू ते तेल खातात आणि त्यापासून आंबट पदार्थ तयार होतात. घामामुळेही कातडीला आंबटपणा येतो. पुष्कळशा रोगजंतूंना हा आंबटपणा मानवत नाही.

तिसरे काम म्हणजे चोराला हाकलणे. एका राखणदार जंतूचे नाव सांगतो. नाव लांब आहे. हळूहळू वाचा : स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. नाही जमले तरी चालेल. आपण त्याला राखणदार म्हणू. त्याच्या काही जाती असा रस सोडतात की, गळू करणाऱ्या जंतूची वाढ त्याने थांबते.

पण राखणदार झाला तरी तो जंतूच. कुंपणाबाहेर आहे तोवर भला. कुंपण मोडून आत शिरला, तर तोही पीक खातो. आपले कुंपण म्हणजे धड, अभंग कातडी.

गळू करणारा जंतू तर दर 10 माणसांतील सुमारे 3 माणसांच्या नाकात मुकाट राहत असतो. त्या माणसांना काही होत नाही. पण विळा लागला, काटा रुतला, खाजवून कातडी सोलली, की त्याला वाट मिळते. मग गळू होते, जखम चिघळते. म्हणून जखम लहान असली तरी स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. धुतलेल्या फडक्याने झाकावी. तिच्यावर माती, शेण, राख मुळीच लावू नये. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

प्रत्येक डाग सारखा नसतो

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला मी काय सांगावा! अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. अंगाला घामाच्या धारा लागतात. मग पावसाळा येतो. निंदणी-डवरणीत ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात. अशा वेळी अंगावरच्या वस्तीचा तोल बिघडतो. कोणाला खाज सुटते, कोणाला डाग पडतात.

कातडीवर एक बुरशी असते. ती बहुतेक सगळ्यांच्या अंगावर असते आणि एरवी त्रास देत नाही. उकाड्यात ती वाजवीपेक्षा जास्त वाढली, म्हणजे छातीवर, पाठीवर फिकट डाग उठतात. त्यांना आपण शिबे म्हणतो. शिबे म्हणजे काही पाप नव्हे, शाप नव्हे. औषधाने ते जातात. कातडीचा मूळ रंग यायला मात्र काही महिने लागतात.

गजकर्ण ही दुसरी बुरशी. ती बाहेरून येते. एकाच्या पंच्याने दुसऱ्याला होते. तिची गोल चकती दिसते, कडा लाल असते, खाज फार सुटते.

खरूज जंतूने होत नाही. एक बारीक किडा कातडीत बीळ करतो, त्याने ती होते. ती रात्री जास्त खाजते. घरात एकाला खरूज झाली, तर सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावे लागते. नाही तर ती घरातल्या घरात फिरत राहते.

कोड म्हणजे पांढरे डाग. त्यांचा जंतूंशी संबंध नाही. कोड स्पर्शाने पसरत नाही. कोड वेगळे आणि कुष्ठरोग वेगळा. त्या माणसाशेजारी बसायला, जेवायला काडीचीही हरकत नाही.

पाहा, डाग किती तऱ्हेचे आणि प्रत्येकाचे कारण किती वेगळे! मग एकच मलम सगळ्यांवर कसे चालेल?

मलमाचा धोका

पण आपण काय करतो? दुकानात जातो आणि म्हणतो, "खाजीचं मलम द्या." दुकानदार डबी देतो. लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. आपण म्हणतो, औषध मोठे गुणाचे!

अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड नावाचे औषध असते. योग्य रोगावर, डॉक्टरांच्या सांगण्याने वापरले तर ते उपयोगी आहे. गजकर्णावर मात्र ते घात करते. कातडीतले आपले शिपाई त्याने झोपी जातात. शिपाई झोपले म्हणून खाज थांबते, पण बुरशी जागीच असते. ती आता निर्धास्त पसरते. महिन्याभराने चकती ताटलीएवढी होते. कातडी पातळ पडते. कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागायची?

हा प्रकार देशभर वाढला. म्हणून 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली 14 प्रकारची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन ही स्टेरॉइडची नावे. डबीवर नाव इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला सांगा. आणि गजकर्णाचे खरे औषध डॉक्टरांनी दिले, तर ते सांगितले तितके दिवस पुरे करा. खाज थांबली म्हणून सोडू नका. गरज सरो वैद्य मरो, असे केले तर गजकर्ण फिरून येते.

न खाजणारा डाग

आता सगळ्यांत महत्त्वाचे सांगतो. खाजणारा डाग माणसाला स्वस्थ बसू देत नाही. तो आपणहून दवाखान्यात नेतो. पण एक डाग असा आहे की, तो खाजत नाही, दुखत नाही, चुरचुरत नाही. म्हणून माणूस म्हणतो, असू द्या. हाच डाग घातकी.

तो डाग फिकट किंवा लालसर असतो. त्या जागेची जाणीव कमी होते. तेथे घाम येत नाही, कधी केस गळतात. हा डाग कुष्ठरोगाचा असू शकतो. जुनी माणसे त्याला महारोग म्हणत.

कुष्ठरोगाचा जंतू आपल्या कातडीचा रहिवासी नाही. तो चोर आहे. नॉर्वे देशाच्या डॉक्टर हॅन्सन यांनी 1873 साली तो शोधून काढला. तोवर लोक म्हणत, हा मागच्या जन्मीच्या पापाचा रोग आहे. हॅन्सन यांनी दाखवले की, पाप नव्हे, जंतू!

हा जंतू फार मंद. एकाचे दोन व्हायला त्याला 12 ते 14 दिवस लागतात. अंगात शिरल्यावर डाग दिसायला सरासरी 5 वर्षे जातात, कधी 20 वर्षेही जातात. बाकीची दुखणी हत्तीच्या पावलाने येतात. हे दुखणे मुंगीच्या पावलाने येते.

तो बसतो कातडीत आणि कातडीखालच्या नसांत. नस मेली की जाणीव मेली. इथे आपण एक गोष्ट नीट समजून घेऊ. लोक म्हणतात, "या रोगाने बोटं झडतेत." जंतू बोटे खात नाही. मग होते काय? बाई चुलीवरचा तापलेला तवा धरते. हात भाजतो, पण तिला कळत नाही. माणूस अनवाणी रानात जातो. पऱ्हाटीचा धसकट पायात घुसतो, पण त्याला कळत नाही. दुखत नाही म्हणून जखमेकडे कोणी पाहत नाही. कुंपण मोडलेले असते. मग तेच आपले नेहमीचे जंतू आत शिरतात. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. असे पुन्हा पुन्हा झाले, की बोटे आखूड होतात.

म्हणजे दुखणे हा आपला वैरी नाही. तो हाक देणारा जागल्या आहे. जागल्या मुका झाला, की घर लुटले जाते.

डाग ओळखायची एक सोपी रीत आहे. वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. कापसाची बारीक वात करा. माणसाला डोळे मिटायला सांगा. वात आधी चांगल्या कातडीला लावा, मग डागाला लावा. कोठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. डागावर लावलेले कळले नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि कळले, पण डाग जात नाही, तरीही जा. शेवटी पारख डॉक्टरांनीच करायची असते.

औषध फुकट आहे

या रोगावर पक्के औषध आहे. दोन-तीन औषधे एकत्र देण्याची ही रीत जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली सांगितली. आपल्या देशाने 1983 पासून ती आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. डाग पाचपर्यंत असतील तर साधारण 6 महिने, जास्त असतील तर 12 महिने गोळ्या घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला रोग लागत नाही. त्याला घरातून काढायचे काहीएक कारण नाही.

हा रोग हात लावल्याने, एका पाटावर बसल्याने पसरत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या फार दिवसांच्या निकट सहवासात, त्याच्या नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांतून तो लागू शकतो. त्यातही 100 पैकी सुमारे 95 माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची शक्ती असते.

तरी आजही आपल्या देशात दर वर्षी सुमारे एक लाख नवे रोगी सापडतात. औषध असताना असे का होते? एक कारण मला ठाऊक आहे. माय हळू आवाजात म्हणते, "पोरीचं लगन व्हाचं हाये. डाग दाखवला त लोक काय म्हनतीन?"

माय, डाग आज दाखवला, तर पोरीचे हात धड राहतील. वर्षभरात औषध संपेल आणि लोक विसरतील. डाग लपवला, तर वाकडी झालेली बोटे लपवता येणार नाहीत. मग लोक जन्मभर बोलतील. सांग, कोणते बरे?

तपोवनाची आठवण

लोकांच्या बोलण्याचे भय कोठून आले, तेही पाहू. पूर्वी या रोगावर औषध नव्हते. माणसे रोग्याला घरातून, गावातून काढून देत. 1898 साली इंग्रज सरकारने कायदा केला. निराधार कुष्ठरोग्याला धरून वेगळे ठेवण्याची सोय त्या कायद्यात होती.

त्या काळात अमरावतीला डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन राहत. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीत ते होते. 1946 साली त्यांनी अमरावतीजवळ कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. रस्त्यावर हात पसरणाऱ्या माणसांना तेथे घर मिळाले, उपचार मिळाले आणि हाताला काम मिळाले. ज्यांना गावाने टाकले होते, त्यांनी तेथे आपले गाव वसवले. 1959 साली सरकारने दाजीसाहेबांना पद्मश्री दिली. आपल्या जिल्ह्यात परतवाड्याजवळ कोठारा येथेही कुष्ठरोग्यांचे जुने रुग्णालय आहे.

या थोर माणसांचे उपकार आपण विसरू नयेत. पण त्यांचे उपकार फेडायचे कसे? नवा रोगी घरातच बरा झाला आणि त्याला तपोवनाची गरजच पडली नाही, तर ते उपकार फिटले.

कायदाही बदलला आहे. 1898 चा तो कायदा 2016 साली रद्द झाला. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे, एवढ्यावरून घटस्फोट मागता येत असे. 2019 साली तेही कारण कायद्यातून काढून टाकले. कायद्याने वाट मोकळी केली. आता मन मोकळे करणे आपल्या हाती आहे.

घरी गेल्यावर काय करावे?

रोज आंघोळ करा. काख, जांघ आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. ओले कपडे लवकर बदला. प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवा. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा.

अंग दगडाने खरवडू नका. कपड्याचा साबण, सोडा अंगाला लावू नका. त्याने कातडीचा आंबटपणा जातो आणि राखणदार उपाशी मरतात. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत पाणी जड, साबणाला फेस येत नाही. म्हणून माणूस जास्त साबण घासतो. तसे करू नका. साबण थोडाच लावा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा.

महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांचे अंग पाहा. पाठ आपली आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्याने पाहावी. न कळणारा डाग दिसला, तर आशाताईला सांगा. पुढची तपासणी लागली, तर अमरावतीला इर्विन रुग्णालय आहे, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा घेऊन ते गावे झाडत फिरले. त्यांनी गावातली घाण झाडली, माणसे झाडून टाकली नाहीत. आपणही अंगावरचा मळ धुवावा, राखणदार जंतू राहू द्यावेत, चोर जंतूला औषधाने घालवावे. आणि रोगी माणसाला मात्र आपल्या ओसरीवर, आपल्या पंगतीत ठेवावे.

तुम्ही आता वाचायला शिकलात. आज रात्री हे पान घरात मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला ऐकू द्या. आणि मग कंदिलाच्या नव्हे, दिवसाच्या उजेडात एकमेकांच्या पाठी पाहा.

रामराम.